एका चांभारचौकशीचे समर्थन

आपल्या मराठीत ‘चांभारचौकशी’ असा एक शब्द आहे. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा गोष्टींची नको तितकी विचारपूस करणे, हा त्याचा कोशातला अर्थ. वर्गात, घरात, कचेरीत हा शब्द सहज वापरला जातो आणि वापरणाऱ्याच्या मनात बहुधा कोणाला दुखवण्याचा हेतूही नसतो. पण भाषा ही समाजाची जुनी रोजनिशी असते. एखाद्या जातीच्या नावापुढे ‘चौकशी’ हा शब्द जोडून त्याचा अर्थ ‘निरर्थक उठाठेव’ असा होत असेल, तर त्या जातीच्या माणसाने प्रश्न विचारणे समाजाला कधीतरी खुपले असले पाहिजे. या लेखात मला त्या चौकशीची बाजू मांडायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या चामड्याच्या वस्तूची निगा आणि दुरुस्ती हे काम मुळात चौकशीचेच काम आहे. ज्याला नेमके प्रश्न विचारता येतात तोच ते करू शकतो. या प्रश्नांना जगात अन्यत्र ‘शास्त्र’ म्हणतात. आपल्याकडे मात्र ते रस्त्याच्या कडेला, तरटावर बसून विचारले जातात, म्हणून त्यांना प्रतिष्ठा नाही.

विषय जुन्या हँडबॅगांचा घेते. कारण या एका वस्तूत हा सगळा विरोध स्पष्ट दिसतो.

दिनांक १० जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे सदबीज या लिलावसंस्थेने एक काळी चामड्याची हँडबॅग विकली. हर्मेस या फ्रेंच कंपनीने ती जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी १९८४ च्या सुमारास तयार केली होती. त्या दोघांच्या, म्हणजे ही अभिनेत्री आणि कंपनीचे प्रमुख यांच्या, विमानप्रवासातील गप्पांतून तिची कल्पना निघाली आणि पुढे त्याच नमुन्याच्या बॅगा ‘बर्किन’ या नावाने जगभर गाजल्या. मूळ बॅग बाईंनी वर्षानुवर्षे रोजच्या वापरात ठेवली आणि १९९४ साली एड्सविरोधी कार्याच्या मदतीसाठी देऊन टाकली. २०२५ च्या लिलावात तिला सुमारे ८६ लाख युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने ८६ कोटी रुपयांच्या आसपास किंमत आली. आता गंमत पाहा. ही बॅग काही कोरीकरकरीत नव्हती. तिच्यावर ओरखडे होते, चामडे झिजलेले होते, बाईंनी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा तशाच होत्या. कोणी उत्साही कारागिराने त्या खुणा घासूनपुसून, रंग चढवून नाहीशा केल्या असत्या, तर तिचे मोलही त्याबरोबर पुसले गेले असते.

मला एवढ्या किमतीचे कौतुक नाही. एका पिशवीसाठी ८६ कोटी मोजणाऱ्या जगात काहीतरी चुकत आहे, असे म्हणायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला विचार : जुन्या वस्तूवर वापराच्या ज्या खुणा असतात, त्याही त्या वस्तूचाच भाग असतात. म्हणून दुरुस्त करणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘हे नवे कसे दिसेल?’ हा नसावा. ‘यातले काय राखायचे आणि काय बदलायचे?’ हा असावा.

या प्रश्नाचे उत्तर चामडे ओळखल्याशिवाय देता येत नाही. जनावराचे कातडे हे तंतूंचे दाट विणलेले जाळे असते. ते तसेच ठेवले तर कुजते आणि नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होते. त्याचे चामडे करण्याच्या क्रियेला आपल्याकडे ‘कमावणे’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. पैसा कमवावा, शरीर कमवावे, तसे कातडे कमवावे! फुकट काही मिळत नाही, हेच त्यात सांगितले आहे. झाडांच्या साली, फळे, पाने यांतील तुरट द्रव्य त्या तंतूंना घट्ट धरून ठेवते, ही जुनी रीत. तिला आठवडे, कधी महिने लागतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेत ऑगस्ट शुल्ट्झ याने १८८४ साली तिचे पेटंट घेतले आणि आपल्याकडे मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ साली तिचे प्रयोग सुरू केले. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमचे असते, कारण ते लवकर तयार होते, मऊ असते आणि पाण्याला अधिक दाद देत नाही.

विलायतेतल्या जुन्या चामड्याचा आपल्या डोंगरांशी जवळचा संबंध आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले होते. सह्याद्रीत आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात, तो औषधापुरताच नव्हता. इंग्रजांच्या काळात तो कातडी कमावण्यासाठी जहाजे भरून ब्रिटनला जात असे. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड, त्याच्या सालीने दक्षिण भारतात शेळ्यामेंढ्यांची कातडी कमावली जात आणि ती अर्धवट तयार अवस्थेत इंग्लंडला जात. तिथे त्यांच्यापासून पिशव्या, पाकिटे आणि पुस्तकांच्या बांधण्या होत. पुढे तिथल्या ग्रंथालयांत बांधण्यांचे चामडे लाल भुकटी होऊन गळू लागले, तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने विद्वानांची एक समिती नेमली. १९०५ साली ग्रंथरूपाने निघालेल्या तिच्या अहवालात सुमाक या झाडाच्या पानांनी कमावलेल्या चामड्याची शिफारस आहे आणि तरवडाच्या सालीचे चामडे बांधणीस अयोग्य ठरवले आहे. दिव्याच्या गॅसमधून आणि कोळशाच्या धुरातून येणारे गंधकाचे आम्ल असे चामडे लवकर खाते. या रोगाला इंग्रजीत ‘रेड रॉट’ म्हणजे लाल कूज असे नाव आहे. विद्वानांच्या समितीने विचारलेला प्रश्न कोणता होता? ‘हे चामडे कशाने कमावले, ते ठेवले कुठे, त्याला काय लागले?’ हीच चांभारचौकशी! फक्त ती लंडनमध्ये झाली, म्हणून तिचा अहवाल निघाला.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. माझे वडील तालुक्याच्या एस. टी. स्टँडाबाहेर बसतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सहानुभूती मिळवण्यासाठी सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते कुठून कळले, एवढे वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगते. गेल्या पावसाळ्यानंतर एक शिक्षिकाबाई त्यांच्या आईची जुनी पर्स घेऊन आल्या. पट्टा कडीपाशी तुटलेला, कडेची शिवण उसवलेली, वर पांढरी बुरशी. वडिलांनी ती हातात घेतली आणि विचारले, “बाई, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होती का? खोबरेल लावलं होतं? भिजल्यावर उन्हात ठेवली होती?” बाई हसून म्हणाल्या, “अहो, पट्टा तेवढा शिवा, इतक्या चौकशा कशाला?” बाई स्वभावाने चांगल्या होत्या. पण या तीनही प्रश्नांत काय दडले आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. ते मी इथे सांगते.

पहिला प्रश्न प्लास्टिकचा. हवेतील दमटपणा शेकडा ६५ च्या वर बराच काळ राहिला की चामड्यावर बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून राहतो. म्हणून चामड्याची वस्तू सुती कापडाच्या पिशवीत, आत कागदाचे बोळे भरून, वारा लागेल अशा जागी ठेवावी. बुरशी आलीच तर ती घराबाहेर नेऊन, नाकाला फडके बांधून मऊ ब्रशाने झटकावी आणि वस्तू काही दिवस इतर चामड्यापासून दूर ठेवावी. ओल्या फडक्याने पुसायला गेल्यास बुरशी पसरते.

दुसरा प्रश्न तेलाचा. आपल्याकडे वहाणांना तेल देण्याची रीत आहे आणि रापलेल्या, जाड, सालीच्या चामड्याच्या वहाणेला ते मानवतेही. तोच उपाय लोक पर्सलाही करतात. पर्सचे चामडे पातळ असते, पुष्कळदा त्यावर रंगाचा थर असतो. जादा तेलाने ते काळवंडते, धूळ धरते, चिकट होते. तांब्या-पितळेच्या कड्यांभोवती जो हिरवा मेणचट थर साचतो, तो चामड्यातील चरबी आणि धातू यांच्या संयोगातूनच होतो. युरोपातील संग्रहालयेसुद्धा एकेकाळी जुन्या चामड्याला भरपूर तेल-चरबी देत. आता तिथले जाणकार हात आखडता घेतात, कारण पूर्वीच्या तेलानेच काही वस्तू बिघडल्या, असे त्यांच्या अनुभवास आले.

तिसरा प्रश्न उन्हाचा. चामडे उष्णतेने आकसते आणि एकदा आकसले की परत येत नाही. सालीने कमावलेले चांगले चामडे पाण्यात साधारण ७० ते ८५ अंशांवर आकसते, क्रोमचे १०० अंशांच्या आसपास. पण जुने, झिजलेले चामडे त्याच्या कितीतरी आधी दगा देते. म्हणून भिजलेली बॅग चुलीपाशी, उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली ठेवू नये. सावलीत, कागद भरून, सावकाश वाळू द्यावी.

याखेरीज आणखी एक चौकशी वडील तोंडाने करीत नाहीत, बोटाने करतात. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी पाण्याचा एक थेंब ठेवतात. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला, तर चामडे उघडे आहे. त्याला पाणी, पॉलिश, काहीही जपून लावायचे. थेंब तसाच उभा राहिला, तर वर रंगाचा थर आहे. तिथे मुलायम, किंचित ओल्या फडक्याने पुसले तरी चालते. पण कपड्याचा साबण दोन्हीला वर्ज्य. चामडे स्वभावाने आम्लधर्मी असते आणि साबण त्याच्या उलट. स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव लावले, तर डागाबरोबर चामड्याचा रंगही निघून येतो.

मग शिवण. चामडे हे कापड नव्हे. कापडाला सुईने पाडलेले भोक बुजते. चामड्याला पडलेले भोक जन्मभर राहते. म्हणून उसवलेली कड शिवताना जुन्याच भोकांतून टाका घ्यायचा असतो. घाईने यंत्रावर नवी रांग मारली, तर पोस्टाच्या तिकिटासारखी ती कड एक दिवस भोकांच्या रेषेवर फाटते. हातशिवणीत एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून त्या समोरासमोर जातात. एका बाजूचा दोरा तुटला, तरी दुसरा धरून राहतो. फ्रान्समधल्या त्या नामांकित बॅगांचा टाका हाच आणि एस. टी. स्टँडाबाहेरचाही हाच.

टाका एकच, मग मान एक का नाही? हा माझा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी १९७८ साली केवळ चामड्याच्या वस्तूंच्या जतनासाठी एक केंद्र स्थापन झाले. लाल कूज लागलेल्या चामड्याला पाण्याचा हात लावू नये, स्पिरिटात विरघळवलेले विशिष्ट द्रव्य देऊन त्याची भुकटी थोपवावी, असे उपाय तिकडे अभ्यासपूर्वक शिकवले जातात. अमेरिकेत १९४१ साली न्यूयॉर्कच्या एका लहान कारखान्यातून निघालेल्या कोच या कंपनीने २०२१ पासून आपल्याच जुन्या बॅगा परत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा उपक्रम चालू केला. तिथे दुरुस्ती करणारा कारागीर जाहिरातीत झळकतो. आपल्याकडे धारावीत उत्तम बॅगा शिवणारे हात आहेत, पण त्या हातांचे नाव कोणी विचारत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा दिसल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख नाही म्हणून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! कंपनीला ती प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. राग रास्त होता. २०१९ साली या वहाणेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण त्या दिवसांत जे अभिमानाने बोलत होते, त्यांतील किती जण टाच बसवून घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करीत नाहीत? परदेशी कंपनीने आपल्या कारागिराचे नाव घ्यावे, हा आग्रह धरणाऱ्याने आपल्या नाक्यावरच्या कारागिराचे नाव निदान एकदा विचारावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बाहेरून येण्याआधी माझ्या घरातूनच आला आहे. मी आरी हातात घेतली की वडील म्हणतात, “आरीच धरायची होती तर शिकवलं कशाला?” या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून द्या, असे आवाहन केले. जे काम जन्माने लादलेले आहे आणि ज्याच्यामुळे माणसाला अस्पृश्य मानले जाते, ते कितीही उपयुक्त असले तरी झुगारून दिले पाहिजे, हा त्यातला अर्थ मला शिरोधार्य आहे. ‘परंपरागत व्यवसायाचा अभिमान बाळगा’ असा उपदेश वरच्या पायरीवरून करणाऱ्यांचा मला संशय येतो. ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने शिवायचे आणि इतरांनी घालायचे, ही वाटणी सुंदर होती असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही. माझ्या वडिलांना त्यांच्या मुलीने हे काम करू नये असे वाटते, यात त्यांच्या अंगावर उमटलेल्या अनुभवांचे सार आहे.

तरीही मला वाटते, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. टाकायची आहे ती सक्ती, अपमान आणि अपुरी मजुरी. कौशल्य टाकायचे नाही. आज होते आहे ते उलटेच : आमच्या पिढीने शिक्षणाबरोबर कौशल्य टाकले आणि अपमान जागच्या जागी राहिला. वडिलांनंतर त्या जागेवर कोणी बसणार नाही, ही आनंदाचीच गोष्ट होईल. पण पाण्याच्या थेंबाने चामडे ओळखणारा गावात कोणी उरणार नाही, ही आनंदाची गोष्ट नाही. त्यावर तोड एकच. हे काम जातीतून सोडवून विद्येत आणले पाहिजे. डॉक्टरकी जशी कोणाच्याही मुलाने शिकावी, तशी चामड्याची दुरुस्ती ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, मुसलमानाच्या आणि चांभाराच्याही मुलाने-मुलीने शिकावी. ज्या दिवशी ती शिकायला सर्व जातींची मुले रांगेत उभी राहतील, त्या दिवशी तिचा बट्टा आपोआप जाईल.

यासाठी सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या महाविद्यालयाला काही करता येईल. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या विषयांना जागा करून दिली आहे. त्यात एक छोटा अभ्यासक्रम चामड्याच्या वस्तूंची निगा व दुरुस्ती यांचा असावा. रसायनशास्त्र जाणणाऱ्या प्राध्यापकांनी कमावण्याची क्रिया शिकवावी, इतिहासाच्या प्राध्यापकांनी हिरड्याचा व्यापार आणि जातींची वाटणी शिकवावी आणि टाका शिकवायला गावातील कारागिराला बोलवावे. मात्र त्याला सत्कारापुरते श्रीफळ देऊन वाटेला लावू नये. इतर व्याख्यात्यांना जे मानधन मिळते तेच त्याला मिळावे आणि बसायला तीच खुर्ची मिळावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली. त्या ‘कमवा’मध्ये कातडे कमावण्याचा अर्थही सामावून घ्यायला काय हरकत आहे? वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी शनिवारी दोन तास एकमेकांच्या बॅगा, पट्टे, वहाणा शिवल्या, तर पैसे वाचतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एक सरळ टाका घालायला किती कष्ट पडतात हे सर्वांच्या बोटांना कळेल.

यात भाबडेपणा आहे, असे कोणी म्हणेल. रेक्झिनच्या बॅगा तीनशे रुपयांना मिळतात, वर्षभरात त्यांचे पापुद्रे सुटतात आणि नवी घेणे सोपे जाते. मग दुरुस्ती हवी कोणाला? हा हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे. तीनशेची बॅग दहा वर्षांत दहा वेळा घेतली तर तीन हजार झाले, शिवाय नऊ बॅगा उकिरड्यावर पडल्या. चांगले चामडे नीट राखले तर आईची पर्स मुलीला पुरते. जे कातडे एका जनावराच्या मरणातून आणि कोणाच्या तरी कष्टातून आले आहे, ते जास्तीत जास्त काळ वापरात राहावे, हा त्या दोघांचाही मान राखण्याचा मार्ग आहे.

वाचकहो, तुमच्या घरी एखादी जुनी चामड्याची पर्स, दप्तर किंवा बॅग कपाटाच्या तळाशी पडलेली असेल. ती बाहेर काढा. तिला तेल फासू नका, उन्हात टाकू नका. मऊ ब्रशाने झटका आणि जवळच्या कारागिराकडे न्या. तो काही प्रश्न विचारील. त्यांची नीट उत्तरे द्या आणि जमल्यास दोन प्रश्न तुम्हीही विचारा : हे चामडे कोणते, आणि तुमचे नाव काय?

— द्वितीय वर्ष, कला